राणीसाहेब

दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नाही, कुलूप नाही. वाऱ्यानं टेबलावरचे कागद उडत होते म्हणून मीच ते लोटून घेतलं होतं. डोळे तपासून झालेली ती पाच-सहा वर्षांची मुलगी दारापर्यंत गेली आणि थांबली. मला वाटलं, ढकलेल. तिनं उजवा खांदा भिंतीला टेकवला, दोन्ही तळवे समोरच्याला दिसतील असे मांड्यांवर उघडे धरले, हनुवटी खाली घातली आणि नुसती उभी राहिली. "अगं, उघडंच आहे ते. जा की," मी म्हटलं. मोठी माणसं कधीकधी काहीच्या बाही बोलतात, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं बाहेरच्या पहारेकरणीनं दार ओढलं आणि मुलगी निघून गेली. झालं एवढंच. दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती. पण माझ्या हातातली भिंगं अडकवायची चौकट टेबलावर आपटली, आणि पुढच्या बाईसमोर मी अक्षरांचा तक्ता उलटाच धरला. ती म्हणाली, "बाई, मला वाचता येत नाही, पण हे उलटं आहे एवढं कळतं." सगळ्या हसल्या, मीही हसले. पंचाहत्तरी ओलांडलेली माझी आई आमच्या स्वयंपाकघराच्या लोटलेल्या दाराशी रोज सकाळी अशीच उभी राहते. खांदा, तळवे, हनुवटी, सगळं तसंच.

मी चष्म्याचं दुकान चालवते. म्हणजे दुकान बाबांचं. ते गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं, आणि आता उतरवून ठेवीन म्हटलं तरी मला दुसरं काही येत नाही. शहरातल्या तुरुंगात, बायकांच्या विभागात, वर्षातून एकदा डोळे तपासायला कुणीतरी जातं. इतकी वर्षं पलीकडच्या रस्त्यावरचा दुकानदार जायचा. यंदा त्याचाच मोतीबिंदू पिकला म्हणून मला बोलावणं आलं. हे बोलावणं बाबांनाही एकदा आलं होतं, तेव्हा त्यांनी "कैद्यांना चष्मे दिले तर पळायची वाट दिसेल" असं म्हणून ते थट्टेवारी नेलं होतं, आणि नंतर दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. आतल्या बायकांची लहान मुलं सहा वर्षांची होईपर्यंत आयांजवळच राहतात, त्यांचेही डोळे बघा, असं मला सांगितलेलं. लांबचं दिसतं का ते बघायला मी मुलांना अंगणात नेलं. अंगण संपतं तिथं भिंत. एकीला विचारलं, तुला सगळ्यात लांबचं काय दिसतं, तर ती म्हणाली, "भिंत," आणि उत्तर बरोबर होतं, मला तिला शंभर टक्के द्यावे लागले. परत येताना वाटेत बायकांची झोपायची खोली लागली. चादरीची कड आत दुमडलेली, उशीखाली टॉवेल, टॉवेलच्या घडीत साबण, बिछान्याच्या पायथ्याशी चपला, टाचा भिंतीकडे. एकामागून एक सगळे बिछाने तसेच. मी शिकायला वसतिगृहात राहिले होते तेव्हा माझ्या खोलीतल्या मुली माझा बिछाना बघायला दुसऱ्या मुलींना बोलावून आणायच्या. मी ऐटीत सांगायचे, आमच्या घरची पद्धत आहे ही. आता त्या रांगेसमोर उभी राहून मी एकेक बिछाना मोजला. पहारेकरीण म्हणाली, "छान ठेवतात ना?" मी म्हटलं, "हो, फारच छान."

आईचं दार हा आमच्या घरातला सगळ्यात जुना विनोद. लोटलेलं दार दिसलं की आई थांबायची. बाबा जिथं असतील तिथून उठून यायचे, दार उघडायचे, कमरेत वाकायचे आणि म्हणायचे, "या, राणीसाहेब." आई लाजून आत जायची. आज राणीसाहेबांचं दार कुणी उघडायचं यावरून दादा आणि मी मारामाऱ्या केल्या आहेत, एकदा त्यात त्याचा पुढचा दात पडला. पाहुण्यांना बाबा समजावून सांगायचे, की या बाईसाहेब जन्मल्या बागेतल्या बंगल्यात, दार उघडायला नोकर, बूट काढायला नोकर. मग वडिलांचा धंदा बुडाला, आईवडील दोघंही एका तापात गेले आणि मावशीनं हिला वाढवलं. या गोष्टीत आईचं सगळंच्या सगळं बसायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा चहा करता येत नव्हता. कसा येणार, स्वयंपाकी होते ना! बाजारात तिला भाव करता येत नव्हता, पैसे हातात दिले तर ती दुकानदारालाच विचारायची की यातले किती तुमचे. सुरी धरली की हात थरथरायचा, म्हणून भाजी बाबा चिरून द्यायचे आणि तिच्या नाजूक हातांचं कौतुक करायचे. जेवताना ताट पुसल्यासारखं स्वच्छ करून ती तशीच बसून राहायची, कुणी "झालं का?" म्हटल्याशिवाय जागची उठायची नाही. बाबांची आई तर या सुनेपायी हरभऱ्याच्या झाडावर चढली ती शेवटपर्यंत उतरली नाही. शेजारणींना सांगायची, "आमची सून घरंदाज आहे हो. आवाज म्हणून चढायचा नाही. आणि बिछाना बघा तिचा, सुरकुती दाखवा, मी नाव बदलीन." सुट्टीत बाबा आम्हाला शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर न्यायचे. आम्ही पतंगासारखे उधळायचो, आणि आई मैदानाकडे पाठ करून, कुठल्यातरी भिंतीकडे तोंड करून बसायची. राणीसाहेबांना ऊन सोसत नाही, बाबा सांगायचे. आकाश ढगाळ असलं तरी सांगायचे. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढी हुशार माणसं आम्ही, जगाचे डोळे तपासणारी.

त्या दिवशी बसमधून घरी येताना मला वाटत होतं, हे मला आणखी महिनाभरानं कळलं असतं तर बरं झालं असतं. कारण पुढच्याच आठवड्यात आईला वृद्ध निवासात हलवायचं ठरलं होतं. ती दोनदा न्हाणीघरात पडली होती. मी दिवसभर दुकानात, दादा-वहिनी दुसऱ्या शहरात. दादा फोनवर म्हणाला होता, "हे बघ, भावनेच्या भरात जाऊ नकोस. तिथं चोवीस तास माणूस आहे. तुझी पण वयं झाली आता." माझी वयं झाली! जणू मी एकटीच दोन-तीन बायका आहे. पण तो खोटं बोलत नव्हता. मी निवास बघून आले, मला आवडला. उजेडाची खोली, सहा जणींचे बिछाने एका रांगेत, जेवणाची घंटा, रात्री ठरल्या वेळी दिवे बंद, आणि चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारी एक चटपटीत सेविका. रात्री घरी येऊन आईला कसं सांगायचं म्हणून मी जेवलेसुद्धा नव्हते. आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." एवढंच. रडणं नाही, टोमणा नाही, मुलांसाठी हाडाची काडं केली वगैरे काही नाही. आमचा जीव भांड्यात पडला. दादा म्हणाला, "बघ, खानदान दिसतं ते अशा वेळी." आता बसच्या खिडकीशी बसले असताना तो सहा रांगेतल्या बिछान्यांचा फोटो पुन्हा पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येत होता, जो मी दादाला मोठ्या हौसेनं पाठवला होता. आपण आईला कुठं पाठवतो आहोत, आणि ती "तुम्ही म्हणाल तसं" कुठं म्हणायला शिकली होती, हे दोन्ही मला एकदमच कळलं. मी रडले. शेजारच्या माणसानं खिडकी बंद करून घेतली, त्याला वाटलं डोळ्यात धूळ गेली.

घरी आल्यावर मी काही विचारलं नाही. विचारायचं कसं? आई, तू तुरुंगात होतीस का, असं कुणी कुणाला विचारतं का? मी नुसती बघत राहिले. बघणं हाच माझा धंदा, पण घरात कधी केला नव्हता. मी कुलपाला चावी लावली की खुर्चीवर बसलेली आई उठून उभी राहायची. मला वाटायचं, लेक आली म्हणून उठते. दिवेलागणीला ती बिछान्याच्या उजव्या बाजूला थोडा वेळ उभी राहायची. आम्हाला वाटायचं, प्रार्थना करते. आणि मावशी. मावशी तीन-चार महिन्यांतून एकदा यायची, सरकारी नोकरीत आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. पायात पुरुषी जाड काळे बूट, पाठ ताठ, आणि बोलता बोलता उजवा हात कमरेशी जायचा, तिथं काहीतरी असायला हवं आणि नाही, तसा. बंगल्यातल्या भाचीची मावशी अशी कशी, हा प्रश्न आम्हाला पडला नाही, कारण ती आम्हाला खाऊसाठी पैसे द्यायची. एका दुपारी ती आली, चहा नको म्हणाली, आईला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी पाचवी-सहावीत असेन. थोड्या वेळानं मावशी बाहेर पडली, माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. आणि मग आई आली आणि तिनं घरातलं एकेक दार उघडायला सुरुवात केली. स्वतःच्या हातानं. स्वयंपाकघराचं, न्हाणीघराचं, कपाटाचं, सगळ्या खिडक्या, शेवटी पुढचं दार सताड. मी खुळ्यासारखी टाळ्या पिटत म्हटलं, "आई, तुला येतं की!" ती दाराच्या मधोमध उभी राहून रस्त्याकडे बघत होती. बाबा दुकानातून आले, त्यांनी ती उघडी दारं बघितली, आणि त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. ते का बंद ठेवलं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी आई खिडकीशी बसून तिचा चष्मा पुसत होती. मी तिच्यासमोर स्टूल घेतलं. मनात चार प्रकारे वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. मी म्हटलं, "आई, मी परवा तुरुंगात गेले होते. बायकांचे डोळे तपासायला."

ती चष्मा पुसत राहिली. बराच वेळ पुसत राहिली, भिंग झिजेल असं वाटायला लागलं.

"मुलं होती?" तिनं विचारलं.

"होती."

"सहा पुरी होईपर्यंतच ठेवतात अजून?"

"हो."

"हं," आई म्हणाली, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून खिडकीबाहेर बघायला लागली. मी काही विचारायचं आता उरलंच नव्हतं, पण तोंड सुरू झालं की आमचं थांबत नाही, बाबांवर गेले आहे मी. म्हटलं, "तू तिथं जन्मलीस?"

"जन्मले असेन. तिथून पुढचंच आठवतं. मावशी पहाऱ्यावर होती. तिला मूलबाळ नव्हतं. माझी सहा पुरी झाली, आश्रमात पाठवणार होते, तर ती म्हणाली, मी नेते हिला. तिनं घरी नेलं. तिचं घर भिंतीला लागूनच होतं, म्हणजे बाहेरच्या बाजूनं."

"आणि तुझी आई?"

"ती आत."

"कधीपर्यंत?"

"तुला आठवतं? मी एकदा सगळी दारं उघडली होती."

मी हिशेब केला नाही, करायची गरजच नव्हती. म्हणजे मी शाळेत जात होते, दादाचा दात पडत होता, बाबा कमरेत वाकत होते, त्या सगळ्या काळात माझी आजी या शहरात जिवंत होती. बस बदलावीसुद्धा लागत नाही, एवढ्या अंतरावर. मी म्हटलं, "तू भेटायला गेलीस?"

"नाही."

"कधीच?"

"आधी लहान होते. मावशी म्हणायची, थोडी मोठी हो, मग नेते. मोठी झाले तर लग्न झालं. आणि मग तुझ्या बाबांनी तो बंगला बांधला." ती थोडं हसली. "बंगल्यातली मुलगी तुरुंगात कुणाला भेटायला जाणार?"

बाबांना मावशीनं लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. मावशी दुकानात चष्मा करायला यायची, बरोबर ही असायची, बाबांना आवडली. ते म्हणाले होते, आमच्या आईला कळू देऊ नका, बाकी मी बघतो. आणि लग्न झाल्यावर पहिल्याच सकाळी आई दाराशी थांबली. सासू म्हणाली, हिला काय झालंय? पाय धरलेत का? सगळं घर बघायला लागलं. तेव्हा बाबा उठले आणि दार उघडून म्हणाले, या राणीसाहेब. "त्यांना तेवढंच सुचलं बघ," आई सांगत होती. "मग त्याला जोडून बंगला आला. मग बाग आली. मी एकदा म्हटलं, पुरे आता, तर म्हणाले, छप्पर घातलंय, आता भिंती नकोत का?" मी हसले आणि माझे डोळे भरून आले. जन्मभर ज्याला मी थट्टा समजत होते ते त्या माणसानं रोज सकाळी केलेलं राखणीचं काम होतं, आणि त्यानं ते इतकं चोख केलं होतं की आम्हालाही आत शिरू दिलं नव्हतं. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतं हे मला माहीत नव्हतं.

"तिनं काय केलं होतं?" मी विचारलं.

"मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला ती आतलीच माहीत. कंगवा नसायचा, बोटांनी माझे केस विंचरायची, एवढं आठवतं. तोंड आठवत नाही." मग ती एकदम म्हणाली, "तुझं ते लग्न माझ्यामुळं मोडलं."

तो विषय मी काढला नव्हता. आमच्या दुकानात भिंगं घासणारा एक कारागीर होता, कमी बोलायचा, माझ्याशी मात्र तासन् तास बोलायचा. सगळं जुळत आलं होतं. त्याच्या आईनं एकच गोष्ट मागितली, की मुलीचं आजोळ एकदा बघू, तो बंगला पडका असला तरी चालेल, नुसती जागा दाखवा. बाबा असे भडकले की मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. आमच्यावर विश्वास नाही म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी ते तिथंच मोडलं. बाबांच्या आईनं वर तोंडसुख घेतलं, की भिंगं घासणाऱ्यांची पायरी काय आणि आपली काय. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते थोडं पटलं होतं, की आपण घरंदाज आणि तो साधा. नंतर तो दुसऱ्या गावी गेला. मग कुणात मन लागलं नाही, कुणाशी माझं जुळलं नाही, वर्षं गेली. आता समोर बसलेली ही म्हातारी म्हणत होती, की तिला हे तेव्हापासून माहीत होतं, रोज माझं ताट वाढताना माहीत होतं. मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कुणावर? सहा वर्षांच्या मुलीवर? मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला जे सगळ्यात मोठं, सगळ्यात चांगलं वाटत होतं ते म्हटलं. "आई, झालं ते झालं. तू आता कुठंही जायचं नाहीस. मी दादाला आजच फोन करते. त्या निवासात तुला पाठवणार नाही."

"का?"

"का म्हणजे? ते रांगेतले बिछाने, ती घंटा. आम्हाला माहीत असतं तर आम्ही तुला पाठवायचा विचार तरी केला असता का?"

"मला जायचंय," आई म्हणाली.

मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं माझा हात खांद्यावरून हळूच काढला, दोन्ही हातांत धरला, आणि थोपटत म्हणाली, "तुझा काही दोष नाही. पण इथं आता तुला माहीत झालं. तिथं कुणाला माहीत नाही."

"अगं, पण मी कुणी परकी आहे का?"

"तू मघापासून माझ्याकडे कशी बघतेस, तुला कळत नाही. तुझे बाबा सगळं माहीत असून कधी असं बघायचे नाहीत. त्यांना ते जमायचं." मग म्हणाली, "दादाला सांगू नकोस."

तिनं कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, हट्ट केला नव्हता, आणि आयुष्यातला पहिला हट्ट तिनं धरला तो माझ्यापासून दूर जायचा. पुढचे चार-सहा दिवस मी आटोकाट प्रयत्न केला. तिच्याकडे नेहमीसारखं बघायचा सराव केला, अगदी आरशासमोर उभी राहून केला, इतकी मी वेडी. दुसऱ्यांच्या नजरा दुरुस्त करता करता केस पिकले, स्वतःची एक नजर मला बदलता येईना. आणि त्या रविवारनंतर आई दाराशी थांबली नाही. मी घरात असले की ती दार स्वतः ढकलायची. आधी हात पुढे व्हायचा, थबकायचा, मग ती ढकलायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची. एकदा मी घाईनं पुढे होऊन दार उघडलं, वाकलेसुद्धा, पण "या, राणीसाहेब" हे शब्द मला म्हणता आले नाहीत. मी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले आणि तिनं ते ओळखलं. स्वतःच्याच घरात या वयात तिला दारं उघडायला मी लावली. सगळं खरं-खरं कळून, सगळी माया पोटात असून, लावली. दादाला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आई बरी आहे ना? तयारी आहे ना तिची?" मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "तू रडतेयस का?" मी म्हटलं, "सर्दी झालीय."

निवासात आम्ही सकाळीच पोहोचलो. व्यवस्था पाहणाऱ्या बाई हसतमुख होत्या, सगळीकडे पुढे चालत सगळं दाखवत होत्या. खोलीपाशी आलो, दार लोटलेलं. बाईंना कुणीतरी मागून हाक मारली म्हणून त्या वळल्या, आणि आई त्या दाराशी गेली. मी मागेच होते. मला वाटलं, आता ती माझ्यामुळं ढकलेल. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खांदा भिंतीला टेकवला, तळवे उघडे धरले आणि उभी राहिली. बाई परत आल्या आणि गोंधळल्या. "काय झालं आजी? बरं वाटत नाही का?" आतून दोघी-तिघी म्हाताऱ्या माना लांब करून बघायला लागल्या.

मी पुढे झाले. दार उघडलं. कमरेत वाकायला मला आताशा जरा त्रास होतो, पण वाकले. "या, राणीसाहेब," मी म्हटलं, आणि या वेळी ते बाबांच्या आवाजात आलं. बाईंना म्हटलं, "तिला लहानपणापासून दार उघडायची सवयच नाही हो. बागेतल्या बंगल्यात वाढलेली. दारावर नोकर असायचे. आमच्याकडे हा नेहमीचाच गोंधळ." बाई म्हणाल्या, "अगंबाई! मग आमच्या इथं कसं व्हायचं?" आई लाजली. खरंच लाजली, गालावर रंग आला तिच्या, आणि ती आत गेली.

खिडकीजवळच्या बिछान्यावरची म्हातारी सरसावून बसली. तिला बंगल्यात भलताच रस होता. बाग केवढी होती, झोपाळा होता का, सगळं तिनं विचारलं, आणि मी सांगत गेले. झोपाळा मीच लावला, एक कारंजंही लावलं. आई बिछान्याच्या कडेला बसून ऐकत होती, कुणा दुसरीची गोष्ट ऐकावी तशी.

"आणि आईवडील?" म्हातारीनं विचारलं.

"ते दोघंही लवकरच," मी नेहमीचं सुरू केलं, "एका तापात..."

"वडील गेले," आई मध्येच म्हणाली. "आई होती. बरीच वर्षं होती."

हे आमच्या बंगल्यात नव्हतं.

"अरे वा," म्हातारी म्हणाली. "मग माहेरी जाणं-येणं असेल."

"हो तर," आई म्हणाली. "दर आठवड्याला जायचे. मी गेले की ती वाट बघत उभीच असायची." बोलून झाल्यावर तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हातारीही माझ्याकडे बघायला लागली.

"मलाही न्यायची बरोबर," मी म्हटलं.